रिनाच्या मशीनची वरची मूठ

कुरखेड्याच्या स्टँडवर उतरलं का डाव्या हाताले, पाण्याच्या टाकीजवळ, एक हिरवी मशीन उभी हाये. माणसापेक्षा वीतभर उंच, समोर काच, काचेच्या आत सहा खण. ती माझ्या बहिणीनं उभी केली. रिनानं. माझ्या सख्ख्या लहान बहिणीनं.

माझं नाव दसरू. शिक्षण आठवी, पण मशीनीतलं मले कोणी शिकवू नये. वीस वर्षं झाले, धानाची थ्रेशर चालवून राह्यलो. कुरखेड्यापासून वडसापर्यंत माझ्यासारखा थ्रेशरवाला दुसरा नाई, कोणालेही विचारा. रिना माझ्याहून बारा वर्षांनं लहान. तिले सायकल मी शिकवली, पाढे मी म्हणून घेतले, अन् तिच्या डोक्यात मशीनचं खूळ घातलं तेही मीच. कसं ते सांगतो.

ती सहा वर्षांची असन. मामाच्या गावाले जाण्यासाठी आम्ही वडसाच्या रेल्वे स्टेशनवर बसलो होतो. तिथी तवा वजनाची मशीन होती. लाल-पिवळे लाईट गोल गोल फिरत. सिक्का टाकला का खडखड करे अन् एक जाड तिकीट बाहेर येई, एका बाजूनं वजन, दुसऱ्या बाजूनं भविष्य. रिनाचं वजन आलं चौदा किलो अन् भविष्य आलं का जोडीदार समजूतदार मिळेल. मी लय हासलो. तिले हासू नाई आलं. तिनं मले विचारलं का भाऊ, तिकीट कोण देते? मी म्हणलं, आत माणूस बसते, बारका.

ती मशीनच्या मागं गेली, कान लावून पाह्यलं, मंग येऊन विचारते का त्यानं जेवण केलं का. मी म्हणलं, नसन केलं. तिच्या हातात कागदात चार भजे होते. त्यातले दोन तिनं मशीनच्या पायाजवळ ठेवले. गाडी आली तरी ते तसेच पडून होते, तं रिना डब्यात बसून मामाच्या गावापर्यंत रडली. दुसरा भाऊ असता तं चूप केलं असतं. मी तिले खरं सांगतलं, का आत माणूस नाई, तारा अन् स्प्रिंगा हायेत. तं म्हणे, दाखव. आता मी कुठून दाखवू?

तेव्हापासून घरातली एक वस्तू साबूत राह्यली नाई. बाबाची बॅटरी, फवारणीचा पंप, मायच्या शिलाई मशीनचं पायडल, सगळं तिनं उघडून पाह्यलं. मायचा मार खाल्ला. मी म्हणे, मारू नको, ही आपल्या खानदानात नाव काढीन. हे मी तेव्हाच म्हणलं होतं, लिहून ठेवलं नाई एवढीच चूक.

मंग आयटीआय झालं, चंद्रपूरले डिप्लोमा झाला, अन् पोट्टी पुण्याकडच्या एका कारखान्यात लागली. तिथी याच मशीना बनत. सिक्का टाका नाई तं मोबाईलनं पैसे द्या, नंबर दाबा, आत स्प्रिंग फिरते अन् वस्तू खाली पडते. आधी ती नुसती स्प्रिंगा बसवे. दोन वर्षांत कंपनीनं पाह्यलं का हिले बिघाड हात लावल्याबरोबर समजते. मंग काय, जिथी कंपनीची मशीन जाईन तिथी रिना जाईन. सिंगापूर, जपान, जर्मनी, हॉलंड. आमच्या गावातला माणूस नागपूरले गेला तं चार दिवस सांगत फिरते. माझी बहीण पाच वर्षांत अकरा वेळा विमानात बसली.

ती व्हिडिओ कॉल करे तं मी मोबाईल ओट्यावर पाटीले टेकवून ठेवो. अर्धं गाव जमा होये. आमच्या शेजारचा मुखरू सगळ्यात पुढं. ती दाखवे का सिंगापुरात एका मशीनमंधी पूर्ण संत्री भरली हायेत, नंबर दाबला का तुमच्या डोळ्यासमोर चार संत्री कापल्या जातात, पिळल्या जातात अन् गिलास बाहेर. हॉलंडात स्टेशनच्या भिंतीले खिडक्याच खिडक्या, खिडकीत गरम वड्यासारखं काही ठेवलेलं, पैसे टाका, खिडकी उघडा, खात खात गाडीत बसा. मुखरू म्हणे, आपल्याइकडे अशी भिंत असती तं पोट्ट्यायनं काच चाटून साफ केली असती.

पण जपानचं तिनं सांगतलं ते मले सगळ्यात आवडलं. तिथी म्हणे एकाच मशीनमंधी एका रांगेत थंड डबे अन् दुसऱ्या रांगेत गरम. कॉफी गरम, मक्याचं सूपही गरम. थंडीत लोकं डबा घेतात, आधी त्यावर हात शेकतात, मंग पितात. एका पहाडी गावात ती गेल्ती. बाजूनं धानाचे बांध, सगळीकडं बर्फ, माणूस एक नाई, अन् बांधाच्या कडेले मशीन उभी, लाईट चालू. तिले तिथची भाषा येत नव्हती. बॅग विमानात हरवली होती. तरी दातांचा ब्रश, मोजे, गरम चहा, सगळं तिले मशीनमंधून भेटलं. कोणासमोर हात हलवा, तोंड वाकडं करा, हासणं ऐका, काही नाई.

अन् जर्मनीत, म्हणे, शेतकरी आपल्या रस्त्याच्या कडेले मशीन ठेवते. आत अंडे, दूध, आलू. शेतकरी शेतात, मशीन रस्त्यावर. वाटसरू येते, घेते, जाते.

हे सांगता सांगता तिनं मधातच विचारलं का आपल्या कुरखेड्याच्या स्टँडवर पहिली गाडी किती वाजता येते. मले तेव्हाच समजलं का हिच्या डोक्यात काहीतरी चालू झालं.

गेल्या कार्तिकात ती घरी आली. येताना कंपनीतून भंगारात निघालेली एक मशीन घेऊन आली, स्वतः दुरुस्त केलेली. जेवताना आमच्या समोर सांगतलं. कंपनी तिले दोन वर्षं जपानले पाठवून राह्यली, मोठं काम हाये. तिनं एका महिन्याची सुट्टी मागितली. या महिन्यात कुरखेड्याच्या स्टँडवर मशीन चालली, लोकायनं वापरली, तं ती इथीच राहीन अन् आपल्या अन् चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यातल्या स्टँडवर मशीना लावन. नाई चालली तं जपान.

मायनं हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणलं, चालन. न चालायले काय झालं?

रिनाचं म्हणणं सोपं होतं. पहाटे साडेपाचची पहिली गाडी, तवा स्टँडवर एक दुकान उघडं नसते. आता थंडीत नाटकाचा सीझन. वडसाच्या नाटक कंपन्यायचे रातभर चालणारे नाटक पाहून लोकं सकाळी गाड्या बदलत घरी जातात, उपाशी. दवाखान्यात जाणाऱ्या बाया येतात, त्यायले दुकानदारासमोर तोंड उघडून मागायची लाज वाटते अशा वस्तूही लागतात. म्हणून तिनं सहा खण असे भरले. वर आमच्या गावच्या बचत गटाचे मोहाचे लाडू अन् चिवडा. मंग चारोळी अन् चिक्की. मंग पाणी. मंग साबण, ब्रश, पेस्ट. त्याखाली मोबाईलची वायर, मेणबत्ती, जुलाबाचं साखर-मीठ. सगळ्यात खाली पॅड, कागदात बांधलेले, वर नुसता नंबर.

स्टँडचे साहेब परजिल्ह्यातले. भला माणूस, पण नियमाचा. त्यायनंही महिन्याचीच परवानगी दिली. लोकांनी वापरली तर ठेवू, नाहीतर जागा मोकळी करा, म्हणाले.

आता पहिल्या दिवसाचं सांगतो. एवढी मोठी वस्तू, पूजा तं पाहिजेच. मी नारळ फोडला, झेंडूचा मोठा हार टाकला, काचेले हळदीकुंकू लावलं, खाली उदबत्ती. रिना म्हणे, एवढं नको भाऊ. मी म्हणलं, तू चूप राय, मोठा मी हावो. अन् खरंच गर्दी झाली. बायायची रांग लागली. हरेक बाई येई, सिक्का टाके, दोन्ही हात जोडे अन् पुढं जाये. नंबर कोणीच दाबे ना. नंबर नाई दाबला तं ती मशीन मिनिटभरानं सिक्का परत टाकते. मागून लगेच दुसरा सिक्का पडे तं मिनिट भरेच ना, पण रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्या बाईचा सिक्का खणकन परत आला. बिचारी घाबरली. मले विचारते का माझं काय चुकलं, सगळ्यायचे घेतले अन् माझेच काऊन परत केले?

रिनानं तिले बसवलं, पाणी दिलं अन् मशीनवरचा हार स्वतः उतरवला. गर्दी तं झाली होती ना, ते मान्य करावं लागन.

दुसऱ्या दिवसापासून मी मशीनजवळ उभा राहू लागलो. थ्रेशरचा सीझन चालू होता, तो मुखरूच्या हवाली केला. येईल त्याले सांगो का ही माझ्या बहिणीनं लावली, असं दाबा, तसं घ्या. लोकायनं घेतलंही. आठ-दहा दिवस चांगले गेले. पण रिनाच्या एक गोष्ट ध्यानात आली. जो एकदा घेई तो दुसऱ्यांदा येत नव्हता. लाडू चांगला म्हणे, पाणी थंड म्हणे, अन् दुसऱ्या दिवशी तोच माणूस मशीनच्या समोरून जाऊन नीलाबाईजवळ बसे.

नीलाबाई म्हणजे टाकीच्या पलीकडं बसणारी. टोपल्यात फुटाणे, मुरमुरे, उकडलेल्या शेंगा. तीस वर्षं झाले असन बसून. आमची मशीन आली तेव्हापासून ती मले एकच बोले, काऊन गा दसरू, बहिणीनं कपाट आणलं, लुगडे कवा आणते? आजूबाजूचे सगळे हासत. मी म्हणो, हास, हास, महिन्यानं पाहू. पण वीस दिवस गेले तवा माझ्याच्यानंही ते म्हणवेना. घरी रिना चार्जर, कागदपत्रं एका जागी ठेवू लागली. माय तिच्या बॅगेकडं पाहे अन् भाताले पाणी जास्त टाके.

रिनानं भाव कमी करून पाह्यला. काही नाई. मराठीत मोठ्या अक्षरात पाटी लावली. काही नाई. मले म्हणे, भाऊ, तू दोन दिवस घरी राय, लोकं तुले पाहून लाजत असतील. मी राह्यलो, मनात नव्हतं तरी. तरीही काही नाई.

एकविसाव्या दिवशी माय स्टँडवर आली. तोवर तिनं मशीन पाह्यली नव्हती. म्हणे, पोरगी जाणारच हाये तं एकदा डोळ्यानं पाहू दे. लुगड्याच्या गाठीतून सिक्के काढले, रिनानं नंबर सांगतला, मायनं दाबला. स्प्रिंग फिरली, चिवड्याचा पुडा पडला. मायनं खालच्या खिडकीत हात घालून पुडा काढला, बगलेत ठेवला अन् परत हात आत घातला. तळहात वर करून. अन् तशीच उभी राह्यली.

रिनाले वाटलं, काही अडकलं. म्हणे, काय झालं माय?

"वरचं?" माय म्हणे.

"वरचं काय व?"

"वरची मूठ. माप झाल्यावर टाकतात ना बाई. टाकत नाई का ही?"

रिना हासली. मीही हासलो. मंग रिनाचं हासणं अर्ध्यातच थांबलं. ती तशीच मायच्या हाताकडं पाहात राह्यली.

आमच्याइकडे बजारात फुटाणे घ्या, मुरमुरे घ्या, धान घ्या, माप झालं का घेणारा हात पुढं ठेवते. बोलत कोणी नाई, मागत नाई. देणारा एक मूठ वरून टाकते. कोणी न टाकली तं भांडण नाई, पण माणूस दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडं जात नाई, एवढंच. आम्ही हे पाळण्यापासून करतो, म्हणून आम्हाले दिसत नाई.

ती तिथीच बाकावर बसली. तो दिवस अन् दुसरा दिवस, नुसती पाहात बसली. मी बाजूले. अन् खरंच, हरेक दुसरा माणूस पुडा काढून झाल्यावर खिडकीत हात तसाच ठेवे. क्षणभर. कोणी दोन क्षण. मंग हात काढून चालू लागे. हे मले आधीही दिसलं होतं, मले वाटे ते सुट्टे पैसे पाहून राह्यले. अन् इकडं नीलाबाईचं पाहा, माप ओतलं, हात आला, मूठ पडली, बोलणं एक शब्द नाई.

रिना म्हणे, "भाऊ, जगातल्या सगळ्या मशीना पाह्यल्या मी. एकाही मशीनले हे येत नाई."

मी म्हणलं, "तं शिकव."

हे वाक्य माझं. कंपनीवाल्यायले ती पुढं सांगे तेव्हा माझं नाव घेऊन सांगे.

आठ दिवस उरले होते. तिनं मशीन घरी आणून अंगणात उघडून ठेवली. वर एक डबा बसवायचा अन् त्यातून मूठभर फुटाणे खाली सोडायचे, एवढं काम. पण फुटाणे कधी दोन पडत, कधी डबा रिकामा होये. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी कोठ्यामागं गेलो अन् आमचं जुनं हरभरा पेरायचं यंत्र ओढत आणलं. बारा वर्षांपासून गंजत पडलं होतं. त्याच्या आत खाचा पाडलेलं चाक असते, एका फेऱ्यात मोजून दाणे सोडते. मी म्हणलं, हरभरा सोडते ते फुटाणे नाई सोडणार का? रिनानं चाक हातात घेतलं, फिरवून पाह्यलं, अन् माझ्या पायालेच हात लावला. मुखरू साक्षीले हाये.

मूठ केवढी, यावर आमचं वाजलं. पहिले माझ्या मुठीचं माप घेतलं. माझी मूठ थ्रेशरवाल्याची, डबा दुपारपर्यंत खाली. मंग रिना उठून स्टँडवर नीलाबाईकडं गेली. मी म्हणलं, अव ती तुले कशाले सांगन, तिचा धंदा हाये. रिनानं तिच्यासमोर बसून खरं खरं सांगतलं. का बाई, मशीनले मूठ टाकायले शिकवून राह्यली, मूठ तुमची पाहिजे, अन् फुटाणेही तुमच्याच भट्टीचे पाहिजेत, रोज.

नीलाबाईनं हातातलं माप खाली ठेवलं. मंग विचारते, "कपाट चाललं तं तू इथीच राहशीन का व?"

रिना म्हणे, हो.

नीलाबाईनं टोपल्यात हात घातला, मूठ भरली अन् रिनाच्या ओच्यात टाकली. "घे माप," म्हणे.

सव्विसाव्या दिवशी मशीन परत स्टँडवर उभी. अन् लगेच गडबड. पुड्यासोबतच फुटाणे पडत. लोकं पाहत अन् पुडा उलटासुलटा करत. एका माणसानं येऊन तक्रार केली का तुमचा पुडा फुटला, बदलून द्या. दुसऱ्यानं फुटाणे खाली झटकून टाकले, कचरा समजून. मी कपाळाले हात लावला. रिना मात्र खुश. म्हणे, भाऊ, वरची मूठ आधी येत नसते. माप झालं, हात आला, तेव्हाच येते.

मंग तिनं खिडकीत एक डोळा बसवला, हात ओळखणारा. पुडा काढला, हात परत आला, थांबला, तेव्हाच चाक फिरे. हात नाई आला तं काहीच नाई. अन् पुडा न घेता नुसता हात घातला तं मशीन चूप. पोट्ट्यायनं ते पहिल्या तासातच करून पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या गाडीले नाटकाहून परतलेले लोकं होते. शाली पांघरलेले, डोळे लाल. एक म्हातारा कोरचीकडचा. चिवडा घेतला, पुडा काढला अन् सवयीनं हात आत. मशीन गर्रर करून त्याच्या हातावर फुटाणे सोडून मोकळी. म्हातारा दचकला नाई, काही नाई. मूठ मिटली, बाहेर काढली, एक फुटाणा तोंडात टाकला अन् मागच्या माणसाले म्हणे, "हे आपल्याइकडचंच हाये गा."

मागचा म्हणे, सरक तं मंग.

त्या दिवशी दुपारी दोनले सहा खणातले तीन खण खाली झाले. दवाखान्यातून परतणाऱ्या बाया येत, खालच्या खणातलं कागदात बांधलेलं काढत अन् हात ठेवत. मूठ त्यायलेही पडे. एक बाई तं मशीनच्या काचेवर हात फिरवून गेली, जसं गाईच्या पाठीवर फिरवतात. कोणी नीलाबाईले विचारे, का बाई, आता तुमचं काय? ती म्हणे, आत माझीच मूठ हाये, पायजे तं मोजून घ्या. तिच्या शेंगाही पहिलेपेक्षा जास्त खपू लागल्या, कारण मशीनसमोर उभी राहणारी रांग तिच्या टोपल्यापर्यंत येई.

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेब सकाळीच आले. रांगेत सात-आठ माणसं होते. माझ्या छातीत थ्रेशर चालू होती, पण मी तोंडावर काही दाखवलं नाई. रिना टाकीजवळ उभी, हात पाठीमागं. साहेबायनं रांग पाह्यली, मंग स्वतः रांगेत उभे राह्यले. पाण्याची बाटली घेतली, लाडू घेतला अन् वळले. मागून एक बाई बोल्ली, साहेब, हात ठेवा ना, तुमचं वरचं राह्यलं.

साहेबायले समजलं नाई. बाईनं स्वतःचा हात आत घालून दाखवला, असा ठेवा म्हणून. साहेबायनं ठेवला. चाक फिरलं. साहेब आपल्या हातातल्या फुटाण्याकडं पाहात राह्यले. मंग रिनाले विचारलं का हे कोणी शिकवलं मशीनला? रिना म्हणे, सर, आईनं. मी खाकरलो. तं म्हणे, अन् भावानं.

साहेबायनं फुटाणे खाता खाता एवढंच सांगतलं का वर्षभराचा अर्ज आज दुपारपर्यंत टेबलावर द्या, अन् टाकीजवळ ऊन येते, सावलीत सरकवा.

रिनानं तिथीच बाकावर बसून पुण्याले फोन लावला. स्पीकरवर टाक, मी म्हणलं. नाई टाकला. पण मी बाजूले होतो, सगळं ऐकू आलं. ती म्हणे, सर, मी जपानले जात नाई. तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. मंग तिनं वरच्या मुठीचं सांगतलं. तं कंपनीचा साहेब विचारते, याचा उपयोग काय? रिना म्हणे, सर, एकदा इकडं येऊन हात ठेवून पाहा. फोन ठेवला तं ती हासून राह्यली होती.

घरी मायले सांगतलं. त्या दिवशी भात बरोबर झाला.

आता दुसरी मशीन वरोऱ्याच्या स्टँडवर लावायची परवानगी भेटली हाये. कंपनीनंच भंगारातली आखीन एक दिली, पहिलीपेक्षा बरी. मुखरू विचारते का तिथीही फुटाणेच टाकणार का. रिना म्हणे, ते इथून कसं सांगू? तिकडं कापूस, सोयाबीन, माणसं वेगळी. पहिले दोन दिवस बाकावर बसून पाहू, लोकं तिथी हात कवा पुढं करतात, कशासाठी करतात. मले म्हणे, भाऊ, तू येशीन पण बोलशीन नाई. मी कबूल केलं. पाहू.

काल सकाळी ती दुसरी मशीन पिकअपवर चढवली. मायनं घरातली सगळ्यात जाड गोधडी आणून तिले गुंडाळली. मी म्हणलं, अव मशीनले थंडी लागत नाई. म्हणे, काचेले लागते. नीलाबाईनं रस्त्यात खायले म्हणून शेंगायची पिशवी दिली. रिना माझ्या बाजूले बसली, ब्रह्मपुरी येईपर्यंत सोयाबीनचा भाव, मशीनचं वजन, वरोऱ्याचं स्टँड, सगळं बोलत राह्यली. ब्रह्मपुरीच्या पुढं आवाज बंद झाला. पाह्यलं तं काचेले डोकं टेकवून झोपली होती, तोंड उघडं, हातात अर्धी शेंग. महिनाभर ही पोट्टी धड झोपली नव्हती.

या भागात पिकअप माझ्यापेक्षा जोरात कोणी पळवत नाई, हे सगळ्यायले माहीत हाये. पण काल नागभीडपर्यंत मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाई. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले.